तिची एक मैत्रीण

"एकाच बाजूची मिळेल का हो?"

ट्रायल रूमच्या पडद्याआड पाठीमागचा हूक लावता लावता तिचे हात तिथेच थांबले. बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानात पुरुषाचा आवाज... आणि तोही असला प्रश्न विचारणारा!

"एकाच बाजूची काय?" गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं.

"म्हणजे... ती."

"ब्रा?"

"हो, तीच."

"साइज?"

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग बाई फिस्सकन हसल्या. "अहो, हातांनी काय दाखवताय? फुटबॉल घ्यायला आलात का?"

"हसू नका, बाई," तो आवाज एकदम खाली आला. "माझ्या ताईचं ऑपरेशन झालंय. कॅन्सर होता. एक बाजू काढावी लागली. आता जखम भरलीये, पण ती खोलीबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणते, कुठलाही कपडा घातला तरी एका बाजूने ओघळतो. मला वाटलं, असं काहीतरी मिळत असेल..."

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. पडद्याआड तिने घाईघाईने कुडत्याची बटणं लावली, गळ्यातला स्कार्फ नेहमीसारखा उजवीकडे जरा जास्तच ओढून घेतला आणि बाहेर आली.

समोर एक उंच, किडकिडीत, चष्मा लावलेला माणूस उभा होता. कान लाल झाले होते. दोन्ही हात आता खिशात कोंबलेले.

"एका बाजूची नाही मिळत," ती म्हणाली. "नेहमीसारखीच घ्यायची, पण आतून खिसा असलेली. त्या खिशात पॅड बसतं. तार असलेली अजिबात नको, व्रणावर रुतते. सुती घ्या, खांद्याचे पट्टे रुंद. आणि हूक पुढून असू देत, ताईंना हात मागे नेताना अजून ओढ बसत असेल."

"बसते," तो चकित होऊन म्हणाला.

"छातीखालून टेप धरून माप घ्यायला सांगा. घट्ट हवी, पण पट्ट्यात दोन बोटं सहज जायला हवीत. सुरुवातीला कापसाचं हलकं पॅड बरं. डॉक्टर हो म्हणाले की मग सिलिकॉनचं. त्याला वजन असतं. नाहीतर एक खांदा हळूहळू वर चढतो आणि मान दुखते."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग इथेच काम करता?"

"नाही."

"मग..."

आणि तिच्या तोंडून ते निघून गेलं. "माझी एक मैत्रीण आहे. तिचं झालंय ऑपरेशन."

त्याने मान हलवली. मग डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, आणि तिने स्कार्फ पुन्हा सारखा केला. पण तो म्हणाला, "तुमचा आवाज... कुठे ऐकलाय मी? थांबा, थांबा! तुम्ही आमची लिफ्ट आहात!"

ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी. खरंच होतं ते. 'दार बंद होत आहे, कृपया सांभाळा' हे तिनेच रेकॉर्ड केलं होतं. लिफ्ट, बसथांबे, बँकांचे फोन, सगळीकडे तिचा आवाज होता. काचेच्या बंद खोलीत बसायचं, बोलायचं आणि घरी यायचं. आपल्याला कुणी बघत नाही, याचंच तिला गेलं दीड वर्ष बरं वाटत होतं.

"रोज सकाळी तुम्ही मला सांभाळायला सांगता," तो म्हणाला, "आणि मी आज पहिल्यांदा ऐकलं."

जाताना त्याने तिचा नंबर मागितला. ताईसाठी.

तो डोळे तपासायचा, चष्मे बनवून द्यायचा. पुलापलीकडे त्याचं छोटंसं दुकान होतं. ताई त्याच्याहून थोरली, एका शाळेत भूगोल शिकवणारी. आईवडील गेल्यापासून दोघं एकमेकांना धरून होती. हे सगळं तिला फोनवरच कळत गेलं, कारण फोन रोज यायला लागला.

"मैत्रीण काय म्हणते? झोपताना घालायची का?"

"मैत्रीण म्हणते, वाटलं तर. मैत्रीण स्वतः घरी आली की सगळं काढून फेकते."

"मैत्रीण बिनधास्त आहे."

"मैत्रीण आहे," ती म्हणायची. "मी नाही."

"ते मला ठरवू द्या."

मग प्रश्न ताईचे कमी आणि त्याचे जास्त होत गेले. तुम्ही जेवलात का? आज कुठली लिफ्ट बोललात? तुमच्याकडेही धुकं पडलंय का हो? ती खिडकीशी उभी राहून उत्तरं द्यायची, काचेवर बोटाने रेघोट्या ओढत.

"कुणाचा फोन गं?" आई आतून विचारायची.

"मैत्रिणीचा!"

एका संध्याकाळी ती त्याच्या दुकानात जाऊन बसली. कागदावरची अक्षरं पुसट दिसतात, असं कारण काढून. त्याने आतल्या खोलीतला दिवा मालवला. हातात बारीक उजेडाचं यंत्र घेऊन तो तिच्यासमोर वाकला. इतका जवळ... की त्याच्या शर्टाला येणारा साबणाचा वास तिला आला.

"माझ्या कानाकडे बघा. हलू नका."

ती हलली नाही. उजेड डोळ्यात शिरला आणि त्यामागे त्याचा चेहरा, एका वितीवर.

"श्वास घ्या," तो हलकेच म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे घेताय?"

तो मागे सरला, दिवा लावला आणि उगाच काहीतरी पुसत बसला. "डोळे उत्तम आहेत तुमचे. चष्म्याची काहीच गरज नाही."

"मग अक्षरं पुसट दिसतात त्याचं काय?"

"ते... पुन्हा तपासावं लागेल. पुढच्या आठवड्यात?"

ती हसत बाहेर पडली खरी, पण पुलावर येईपर्यंत हसू मावळलं होतं. तो आणखी जरा जवळ आला असता तर? हात खांद्यावरून खाली आला असता तर? पर्स छातीशी घट्ट धरून ती चालत राहिली.

तिचं लग्न ठरलं होतं एकदा. तो मुलगा वाईट नव्हता. हॉस्पिटलमध्ये फळं आणायचा, डॉक्टरांशी बोलायचा. पण ऑपरेशननंतर तिच्याशी बोलताना तो छताकडे बघायला लागला. शेवटी तिनेच त्याला मोकळं केलं, आणि तो इतक्या पटकन मोकळा झाला की तेच जास्त लागलं. या माणसाने छताकडे बघितलेलं तिला सोसवलं नसतं. एवढं ती त्याच्यात गुंतली होती.

त्या रात्री तिने ठरवलं. सर्जनबाईंनी मागेच सांगून ठेवलं होतं, इम्प्लांट करता येईल. आधी आत एक पिशवी बसवून कातडी हळूहळू ताणायची, मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये इम्प्लांट. काही महिन्यांचं काम. काही महिने कामाच्या निमित्ताने कुठेतरी नाहीसं व्हायचं. आणि मग त्याच्यासमोर अख्खी होऊन उभं राहायचं, जसं काही घडलंच नव्हतं.

पण तो थांबला नाही. पुढच्याच आठवड्यात, पुलाच्या मधोमध, बोचऱ्या वाऱ्यात तो म्हणाला, "मैत्रिणीला विचारायचे प्रश्न संपले माझे. आता तुम्हाला एक विचारायचाय."

"नका विचारू."

"तुम्ही मला..."

"नका ना!" तिचा आवाज फाटला. "मला उशीर होतोय."

ती जवळजवळ पळालीच. त्यानंतर तिने त्याचा फोन उचलला नाही. आधी रोज यायचा, मग एक दिवसाआड, मग यायचा थांबला. थांबला तेव्हा कळलं की आपण दिवसभर त्याचीच वाट बघत होतो. काचेच्या खोलीत बसून ती 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणायची, आणि वाक्य अर्ध्यावरच तुटायचं. पुन्हा घ्यावं लागायचं.

एका दुपारी स्टुडिओच्या दाराशी एक बाई उभी होती. अंगात नीट बसलेला निळा ब्लाउज, साडीचा पदर ठाकठीक, आणि चेहरा हुबेहूब त्याच्यासारखा.

"मी ताई," बाई म्हणाल्या. "कॉफी पाज मला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा एकटी एवढ्या लांब आलेय."

कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्या समोरासमोर बसल्या. ताईंनी एक घोट घेतला आणि सरळ विचारलं, "मैत्रीण तूच ना?"

तिने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"अगं, ही एवढी जड पर्स. स्टुडिओपासून इथपर्यंत तू एकदाही खांदा बदलला नाहीस. मलाही बजावलंय, त्या बाजूच्या हाताने वजन उचलायचं नाही म्हणून. आणि 'घामोळं आलं तर पॅड काढ, पंख्याखाली बस, पाहुणे गेले खड्ड्यात', हे काय ऐकीव ज्ञान असतं होय?"

तिला हसूही आलं आणि रडूही. "त्यांना... सांगितलंत?"

"नाही. ते तुझं आहे. तू सांगशील, नाहीतर नाही सांगणार."

"सांगणार आहे. आधी ऑपरेशन करून घेते. मग सांगेन."

"म्हणजे सांगण्यासारखं काही उरणार नाही, तेव्हा?"

तिने कॉफीत आणखी एक चमचा साखर घातली.

"हवं असेल तर जरूर कर बाई," ताई मऊ आवाजात म्हणाल्या. "माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीने केलं, झकास राहतेय. मला नको वाटलं, मी सुयांना कंटाळलेय. पण तो ढापण्या रोज फोन हातात घेतो आणि परत ठेवतो. त्याला वाटतं, त्याचंच काहीतरी चुकलं. तेवढं बघवत नाही मला."

सर्जनबाईंकडे जायचं ठरलंच होतं, तशी ती गेली. त्यांनी सगळं पुन्हा समजावून सांगितलं. आकार येईल, पण स्पर्शाची जाणीव बहुधा पूर्वीसारखी परत येणार नाही. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, काही वर्षांनी बदलायची वेळ येऊ शकते. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "एवढे दिवस तुम्ही नको म्हणत होतात. आता एकदम एवढी घाई का?"

मनात आलेलं प्रत्येक उत्तर त्याच्यापाशीच जाऊन थांबत होतं. स्वतःचं असं एकही सापडेना.

"मला... थोडा वेळ हवाय," ती म्हणाली.

"घ्या की. काही वर्षांनीही करता येतं हे. कुठे पळून जात नाही."

ती हॉस्पिटलमधून बाहेर पडली तेव्हा बारीक भुरभुर सुरू झाली होती. छत्री होती, पण उघडायचं सुचलं नाही. ती थेट पुलापलीकडे गेली.

तो दुकान आवरत होता. तिला बघून हातातली चष्म्याची चौकट त्याने काउंटरवर पालथी ठेवली. "तुम्ही भिजलात," एवढंच म्हणाला.

"ती माझी मैत्रीण..."

"हो?"

"ती मीच."

त्याने चष्मा काढला, पुसला, लावला, आणि पुन्हा काढला. "मला... मला खरंच कळलं नाही," तो पुटपुटला. "आणि मी लोकांचे डोळे तपासतो!"

"तुम्ही काही बोललंच पाहिजे असं नाही. मी जाते."

"थांबा हो! बोलायचंय मला, पण सगळं एकदम येतंय." त्याने एक खुर्ची ओढली, मग ती तिला द्यायची राहूनच गेली. "आधी हे सांगा, तुम्ही आता बऱ्या आहात ना?"

"मागची तपासणी चांगली आली."

"आणि पुढची?"

"पुढच्या महिन्यात."

"एकट्या जाता?"

"आईला नेत नाही. ती फार घाबरते."

"घाबरतो तर मीही," तो म्हणाला. "ताईच्या वेळी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचो. पण येतो मी. चालेल?"

तो तिच्याकडे बघत होता. सरळ, चष्म्याशिवाय. त्याला ती नीट दिसत तरी होती की नाही कोण जाणे, पण नजर हटत नव्हती. आतापर्यंत आवरून धरलेलं पाणी तिच्या डोळ्यांतून वाहायला लागलं.

"आणि मी इम्प्लांट करीन की नाही, मला माहीत नाही," ती रडता रडता म्हणाली. "कदाचित करीन. कदाचित कधीच नाही. पण ते तुम्हाला विचारून ठरवणार नाही."

"नका विचारू. ठरवताना कंटाळा आला तर शेजारी बसायला मी आहे." तो एक पाऊल पुढे आला आणि अडखळला. "पुलावर माझा प्रश्न राहिला होता..."

"माहितीये मला काय होता तो."

"मग?"

"मग काय... हो."

त्याने हात पुढे केला. मग विचार बदलून तिथेच थांबवला. "धरू?"

तिने त्याचा हात स्वतःच्या हातात घेतला. थोडा वेळ नुसताच धरून ठेवला. मग हळूच उचलून आपल्या उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला टेकवला, काखेच्या जरा खाली, ओल्या बाहीवर. इतके महिने कुणी असं जवळ यावं म्हणून झुरलेलं तिचं अंग तिथे मात्र गप्प होतं.

"इथे मला काही कळत नाही," ती म्हणाली. "तू हात लावलास, हे फक्त दिसतंय मला. ऑपरेशनमध्ये तिथलं सगळं बधिर झालं."

त्याने हात काढून घेतला नाही.

"मग कुठपासून कळतं?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिने डोळे मिटले. त्याचं बोट बाहीवरून खाली सरकत गेलं, सावकाश, थांबत थांबत... कोपराच्या जरासं वर पोचलं, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला.

"इथपासून," ती म्हणाली.