काचेच्या आतले डाग

हे मी आजवर फक्त माझ्या नवऱ्याला आणि बहिणीला सांगितलंय. दोघांनीही ऐकून घेतलं आणि विषय बदलला. म्हणून आज इथे लिहितेय.

पटलं तर ठीक. नाही पटलं तरी मी भांडणार नाही. पण यातलं काहीही मी मनचं घातलेलं नाही.

भिवंडीजवळचं अंजूर, माझं सासर. २००७ सालचा मे महिना.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती...

दुसऱ्या दिवशी माझ्या नणंदेचं, क्षितिजाचं लग्न होतं. माझ्या नवऱ्याने, कुणालने, वर्षभरापूर्वी भाड्याने चालवायला एक जुनी आठ सीटची गाडी घेतली होती. बहिणीची पाठवणी त्याच गाडीतून करायची असं त्याने तेव्हापासून ठरवलं होतं. फुलं सांगून झाली होती.

फक्त काचा...

गाडी आमच्या गोडाऊनमध्ये उभी असायची. पूर्वी तिथे सासऱ्यांचं शेत होतं आणि एक विहीर. शेत गेलं, विहीर बुजवली, वर पत्र्याचं गोडाऊन आलं. बाजूलाच बोअर मारली. खाडी जवळ, त्यामुळे पाणी खारट. त्याच पाण्याने गाडी रोज धुतली जायची आणि उन्हात वाळायची. सगळ्या काचांवर पांढरे गोल डाग बसले होते. साबणाने घासा, राखेने घासा, हलत नव्हते.

माझा भाऊ भिवंडीत गॅरेजमध्ये होता. त्याला फोन केला.

"उन्हात घासू नको," तो म्हणाला. "व्हिनेगर आणि गोडं पाणी निम्मं निम्मं घे. फडका भिजवून काचेला चिकटवून ठेव. डाग मऊ पडला की घास. तरी राहिला तर ब्लेड आडवं धरून हळूच खरवड."

कुणाल आणि सासरे वज्रेश्वरीला देवीपुढे नारळ ठेवायला गेले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. म्हणून मी आणि माझ्या सासूबाई, हौसाबाई, दोघीच जेवणं उरकून गोडाऊनवर गेलो. भाडेकरू महिन्यापूर्वी सोडून गेला होता. आत फक्त आमची गाडी आणि छताला पारवे. शटर अर्धं वर होतं. बाहेर वॉचमन महादू खुर्ची टाकून बसला होता.

घरून आणलेल्या गोड्या पाण्यात व्हिनेगर मिसळलं. फडके चिकटवले. थांबलो. घासलं.

डाग निघाले! सासूबाई हसल्या.

"पोरी, तुझा भाव हुशार हाय. बग कशी दिसतेय, काच न्हायच जशी."

पण मधल्या दाराच्या काचेवर काही डाग तसेच होते. मी ब्लेड लावलं. ब्लेड गुळगुळीत फिरलं, कुठे अडकलंच नाही.

नखाने चाचपलं... डाग बाहेर नव्हतेच.

आतून होते.

मला तेव्हा काही वाटलं नाही. आत कधीतरी पाणी उडालं असेल. मी फोन बॉनेटवर ठेवला, व्हिनेगरचा मग घेतला आणि आत शिरले. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, त्या माझ्या मागून येऊन सीटवर टेकल्या. दार उघडं ठेवलं की घासताना हलत होतं, म्हणून मी ते ओढून घेतलं.

खट्.

मी घासायला लागले. तेवढ्यात टपावर कोणीतरी पाणी ओतलं.

धो धो... भरलेली बादली एकदम उपडी करावी तसं.

"कुणाल आला वाटतं," मी म्हटलं.

 सासूबाई काचेकडे बघत होत्या. मीही बघितलं.

पाण्याचा आवाज काचेवरून खाली उतरत होता. अगदी स्पष्ट. पण काच कोरडी होती. एक थेंबही नाही.

मग आवाज थांबला आणि काचेवर एक पांढरा ठिपका उमटला.

त्याच्या शेजारी दुसरा...

पुन्हा पाणी. या वेळी मागच्या बाजूला. बादलीची कडी वाजली. ओला फडका काचेवर फिरतो तसं चुंई चुंई ऐकू आलं. कोणीतरी गाडी धूत होतं. सावकाश, एकेक काच.

"महादू!" मी हाक मारली.

पुन्हा मारली, आणखी मोठ्याने.

तेव्हा लक्षात आलं... पारव्यांचं घुमणं बंद झालं होतं. रस्त्यावर ट्रेलरची रांग असायची, तिचाही आवाज नाही. फक्त पाणी.

मी दाराची कडी ओढली. कडी हलली, दार नाही. खांदा लावून ढकललं. दार किंचित बाहेर गेलं आणि परत आत आलं. पलीकडून कोणीतरी पाठ टेकून उभं असावं तसं.

दुसरं दार. तेच.

काच खाली करायचं हँडल फिरवलं. ते नुसतं गरगर फिरत राहिलं. पुढे वाकून हॉर्न दाबला. मुका.

काचा आता भरत चालल्या होत्या. ठिपक्याला ठिपका चिकटत होता. आधी शटर दिसेनासं झालं, मग भिंत. शेवटी सगळीकडे पांढरं. आत दुधासारखा उजेड आणि भट्टीसारखी धग.

"उन्नती, मना पानी दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांना बीपीचा त्रास होता. ओठ पांढरे पडले होते.

चहूबाजूंनी पाणीच पाणी वाजत होतं आणि आत त्यांना द्यायला घोटभर नव्हतं.

मी पदराने त्यांना वारा घालायला लागले. 

मग बॉनेटवर माझा फोन वाजला. मी जोरात ओरडले, "महादू! फोन उचल!"

दोन-तीन रिंगा वाजल्या... आणि कोणीतरी तो उचलला.

पाणी थांबलं. फडका थांबला. बाहेर कोणीतरी फोन कानाला लावून उभं होतं. मला कळत होतं. 

थोड्या वेळाने पुन्हा चुंई चुंई सुरू झालं.

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. आणि काचेकडे बघत, घरातल्या माणसाशी बोलावं तशा म्हणाल्या,

"लडकू... तू हाईस क रं?"

लडकू म्हणजे माझे चुलत सासरे, सासऱ्यांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन येण्याआधीच काविळीने घरातच वारले होते. रोज दुपारी विहिरीवर बैल धुवायचे, एवढंच मला माहीत होतं.

"लडकू आसशील त वाजव," सासूबाई म्हणाल्या. "मी वयनी हाय तुझी. घाबरू नको."

चुंई चुंई थांबलं.

मग काचेवर टकटक झाली.

डाव्या काचेवर. उजव्या काचेवर. मागच्या काचेवर. पुढच्या काचेवर.

एकाच वेळी...

सासूबाईंनी माझा हात सोडला. त्यांची मान एका बाजूला कलली.

त्यानंतर मी काही विचार केला नाही. मागच्या सीटखाली जॅकचा लोखंडी दांडा असायचा. तो ओढून काढला आणि मागच्या काचेवर घातला. पहिला घाव उसळून परत आला. दुसराही. मी रडत होते, देवीचं नाव घेत होते, शिव्याही देत होते. कितव्या घावाला माहीत नाही, पण काच फुटली. साखरेच्या दाण्यांसारखी सगळी खाली आली.

आणि एकदम पारव्यांचा आवाज आला. ट्रेलरचा हॉर्न आला. वारा आला.

महादू शटरखालून धावत आत आला. आम्ही दोघांनी मिळून सासूबाईंना मागून बाहेर काढलं. तोंडावर पाणी मारलं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवरच बसले.

जमीन कोरडी होती. धुळीत फक्त आमच्या चपलांचे ठसे होते. आमची बादली जिथे ठेवली होती तिथेच, भरलेली.

"तू कुठे होतास?" मी महादूवर ओरडले. "एवढ्या हाका मारल्या!"

तो गोंधळला. "वहिनी, मी हितंच बसलेलो. तुमी दोगी गाडीत बसल्याल्या दिसत हुत्या की. काचा खाली करून."

"काचा बंद होत्या, महादू."

"न्हाय ओ. उगड्या हुत्या. मी इचारलं बी, चाय आनू का. तुमी माज्याकडं बगून न्हाय म्हनून मान हलवली."

मी वळून गाडीकडे बघितलं. उरलेल्या सगळ्या काचा वर होत्या. आणि इतक्या स्वच्छ, की खरंच वाटावं काच नाहीच.

एकही डाग नव्हता. आतून नाही, बाहेरून नाही.

संध्याकाळी कुणाल परत आला, तो रागातच. "दुपारी फोन केला तर उचलून बोलली का नाहीस? नुसता पाण्याचा आवाज येत होता. आणि मागे कोणीतरी..."

"कोणीतरी काय?"

"जाऊ दे," तो म्हणाला. त्याने ते आजपर्यंत पूर्ण सांगितलेलं नाही.

क्षितिजाची पाठवणी शेजाऱ्यांच्या गाडीतून झाली. काच फुटली, हे कारण पुरेसं होतं. कोणी जास्त विचारलं नाही. आमची गाडी पावसाळ्याआधीच वडपे गावच्या एका माणसाने घेतली.

सासूबाई त्या दुपारबद्दल कधी बोलल्या नाहीत. मी एकदाच विचारलं, दिवाळीत, दोघीच करंज्या भरत होतो तेव्हा.

"आई, ते लडकूमामंजी होते का?"

त्यांनी हातातली करंजी मिटवली. कडा दाबून घेतल्या. मग म्हणाल्या,

"लडकू आसता त बरं झालं आसतं, पोरी."

बस्स. एवढंच.

आता त्याही नाहीत. गोडाऊन भाड्याने दिलंय, तिथे माणसं काम करतात, कोणाची काही तक्रार नाही. बोअर अजून चालू आहे.

मी मात्र गाडीत बसले की काच थोडी खाली ठेवते. पाऊस असला तरी. एसी चालू असला तरी. मुलं चिडतात.

कारण एकच गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या काचा आम्ही पुसायला गेलोच नसतो, तर दुसऱ्या दिवशी त्या गाडीत क्षितिजा बसली असती. नव्या शालूत, दारं लावून, काचा वर करून.

आणि आम्ही सगळे बाहेर उभे राहून, ती आपल्याकडे बघून मान हलवतेय असं समजून, तिला हात हलवत राहिलो असतो...