साखळीचं दुसरं टोक

यात पदरचा एक शब्दही नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी आत्या सगुणाबाई आता नाही, पण तिची मुलगी चंद्राताई आहे. हे सगळं तिच्या देखत घडलंय.

१९६१ चा मे महिना. मुळशीचं धरण. दिवेलागणीची वेळ.

आत्या पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायची. नवरा लवकर गेलेला. पोटाला चिमटा काढून तिने नारायण पेठेत, नदीकाठी, दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. चंद्रा आणि ते घर, याच्यापलीकडे तिला जग नव्हतं.

त्या उन्हाळ्यात ती चंद्राच्या वर्गाचं, आठवीच्या मुलींचं शिबिर घेऊन माले गावाच्या पुढे, धरणाच्या काठावर आली. तेव्हा 'समवाय' पद्धतीचं वारं होतं. गणित वेगळं, इतिहास वेगळा असं शिकवायचं नाही, एकाच कामातून सगळे विषय काढायचे. आत्याला तर त्याचं वेडच. भाकरी थापतानाही ती मुलींना त्रिज्या विचारायची!

पाणी ओसरलं की धरणात बुडालेल्या गावांचे चौथरे उघडे पडतात. आत्याला वाटलं, याहून चांगला धडा कुठला? जमीन मोजायच्या साखळीने चौथरे मोजायचे, ती भूमिती. नकाशा काढायचा, तो भूगोल. घर कोणाचं होतं ते विचारायचं, तो इतिहास.

चौथऱ्यांपाशी तुकाबाई नावाची म्हातारी भेटली. आपल्या बुडालेल्या घरावर नैवेद्य ठेवायला आली होती. साखळी बघितली आणि तिचा चेहराच बदलला.

"बाई, ती साकळी हितं टाकू नगा."

"का हो?"

"मी नवी नवरी हुते तवा अशीच साकळी घेऊन मानसं आली. घर मोजलं, शेत मोजलं, अन् मागनं पानी आलं. आमी निवद ठिवतो, पाया पडतो. पर मोजत न्हाई कुनी. त्यास्नी लई राग येतो."

"कोणाला?"

"आमी जित्ती मानसं वर आलो. मेलेली तितंच ऱ्हायली."

आत्या हसली. "आजी, भूमितीचा कोणाला राग येत नाही."

"मग बसा मोजत! पर कुनी काय इचारलं तर त्वांड उगडू नगा." म्हातारी फणफणत निघून गेली.

मोजता मोजता सूर्य डोंगराआड गेला. शेवटचा चौथरा राहिला. अर्धा गाळात, अर्धा पाण्यात.

आत्याने मुलींना मागे बोलावलं. सगळ्या आल्या. पुढे एकटी चंद्रा, साखळीचं टोक हातात धरून.

दुसरं टोक पाण्यात गेलं होतं...

आणि साखळी ताणलेली होती.

"दगडात अडकली असेल," आत्या म्हणाली. "ओढ गं."

चंद्राने ओढली.

पलीकडून कोणीतरी ओढली...

इतका वेळ ओरडणारी टिटवी गप्प झाली. वारा पडला. आणि पाण्यावरून आवाज आला. बाईचा की बाप्याचा, कळेना. पण त्यात दात होते.

"आमचं मोजलंत... तुमचं कुटं हाय?"

आत्या चंद्राकडे धावली.

पण चंद्रा तिच्याच हाताखाली शिकलेली. प्रश्न आला की ताठ उभं राहून पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, ही शिस्त आत्यानेच तिच्या अंगी बाणवलेली.

"आमचं घर पुण्याला, नारायण पेठेत, नदीकाठी आहे."

साखळी सर्रकन पाण्यात गेली. चंद्राचा तळहात सोलून निघाला. दुसऱ्याच दिवशी शिबिर आटोपलं.

जूनमधली एक दुपार. आत्या तांदूळ निवडत बसली होती.

खळ्... खळ्... खळ्...

आवाज आतल्या खोलीतून येत होता. आत कोणी नव्हतं. फक्त फरशीवर ओल्या गाळाची रेघ. दारापासून भिंतीपर्यंत, अगदी सरळ.

तिने पुसली. दुसऱ्या दिवशी रेघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग चुलीपासून उंबऱ्यापर्यंत.

घर मोजलं जात होतं.

आत्याने देव पाण्यात ठेवले. शेजारणीने घर सोड म्हणून सांगितलं, पण तिचा पाय निघेना. मग एके दिवशी आवाज थांबला. सुटलो, असं वाटून ती ढसाढसा रडली.

मोजणी संपली होती, एवढंच.

बारा जुलैला पानशेत फुटलं.

पेठाच्या पेठा बुडाल्या. ते काही आत्यामुळे नव्हे, एवढं मलाही कळतं. पण तरी... चंद्राला घेऊन ती उंचावर पळाली म्हणून वाचली. पाणी उतरल्यावर दोघी परत आल्या तर घराचा नुसता चौथरा उरला होता.

चौथऱ्यावर पाठमोरा एक माणूस साखळी धरून उभा होता. नुकसानीची मोजणी असेल, आत्याला वाटलं.

"ह्ये कुनाचं घर?" त्याने न वळताच विचारलं.

चंद्राने उत्तराला तोंड उघडलं. आत्याने तिच्या तोंडावर हात दाबला. कारण तिची नजर साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे गेली होती.

साखळी ताणलेली होती. पलीकडे धरायला कोणीच नव्हतं.

दोघी मागे न बघता निघाल्या. त्या जागेवर आत्याने पुन्हा पाय ठेवला नाही. जन्मभर भाड्याच्या खोल्या बदलत राहिली.

चंद्राताई अजूनही कोणाला पत्ता सांगत नाही. भेटायचं तर बावधनच्या बसथांब्यावर, तेही दिवसाढवळ्या.

मागच्या महिन्यात मी नवं घर घेतलं. त्याच थांब्यावर तिला पेढे द्यायला गेलो आणि हौसेने पत्ता सांगायला लागलो.

तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती...

आणि तिने आपला तो साखळीचा व्रण राहिलेला तळहात माझ्या तोंडावर घट्ट दाबला.