एका अक्षराला एक कळ

रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून परतल्यावर प्रिस्काने कॉम्प्युटर उघडला. जपानी लिहायला तिने इंग्रजी ए ची कळ दाबली. नेहमी ‘आ’ उमटायचा. आज ‘ची’ उमटला. पुन्हा दाबली. पुन्हा ‘ची’.

“पप्पा, याला हात लावलात?”

इग्नेशियस खुर्चीत बसून मटार सोलत होते. “कचेरीत जन्मभर मराठी मशीन बडवली मी. इंग्रजीतून जपानी लिहायच्या तुझ्या भानगडी मला जमतात का? आणि ते ओसाकाच्या नोकरीचं काय?”

“नाही जायचं मला. किती वेळा सांगू?”

त्यांनी पुढची शेंग उचलली. सोमवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

पप्पा गेल्यानंतरची सातव्या दिवसाची मिस्सा झाली, त्या दुपारी ओसाकाच्या भाषांतर कंपनीचा मेल आला. ‘शनिवारी पाठवलेला तुमचा होकार मिळाला. येणं आज पक्कं कळवा.’

प्रिस्काने होकार पाठवलाच नव्हता. पण पाठवलेल्या मेलमध्ये तो होता. पप्पा गेले त्याच्या दोन दिवस आधीचा शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. जपानी मुलं पहिल्यांदा गिरवतात त्या सोप्या लिपीत एकच ओळ: ‘होय. मी येते.’

त्या वेळी ती गोखिवऱ्याला शिकवणी घेत होती. तिला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. आपल्या नावाने होकार कुणी दिला, एवढं कळल्याशिवाय उत्तर देता येणार नव्हतं.

“फ्लॉईड, जपानी तू बसवलंस ना?” तिने भावाला विचारलं.

“नाताळात, तुझ्यासमोर. इंग्रजीत स्पेलिंग टाइप केलं की जपानी येतं.”

“आता एकेका कळीवर एकेक जपानी अक्षर आहे.”

“तसं मी कशाला ठेवीन? एवढ्या कळा पाठ कोण करणार? आणि त्या शनिवारी मी सातिवलीला कामावर होतो. विचार मालकाला.”

“विचारलं.”

“पोलिसात जा तू.”

तिने कीबोर्ड खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला. जवळजवळ प्रत्येक कळीवर चिकट, चौकोनी डाग होता.

शेजारच्या जुलियाना आत्या चहा घेऊन आल्या.

“आत्या, त्या शनिवारी घरी कोण आलं होतं?”

“कोनी नाय. तुझा बाप एकटाच होता.”

“चिकटपट्टी कुणी मागितली तुमच्याकडे?”

“त्यानंच. नाताळानंतर दोन रिळं नेली. कशाला, ते सांगेल तर शपथ.”

प्रिस्काने कीबोर्ड टेबलावर ठेवला.

“आपण इंग्रजी स्पेलिंगवरून जपानी लिहितो, कारण ते सोपं. ते अवघड जाईल एकाच माणसाला, ज्याच्या बोटांना एका अक्षराला एक कळ ठाऊक. मराठी मशीनसारखी. त्याने पट्ट्या चिकटवून त्यांवर अक्षरं लिहिली. हात बसल्यावर काढून टाकल्या; टायपिस्ट कळांकडे बघत नाही. मी यायच्या आधी रोज कीबोर्डची मांडणी पूर्ववत करायचा. शनिवारी तेवढं राहिलं. वाक्य माझ्या जपानीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या धड्यातलं आहे. होकार पप्पांनी दिला.”

फ्लॉईडने एका चिकट डागावरून बोट फिरवलं.

“पन तू तर नाय म्हनत होतीस,” आत्या म्हणाल्या.

“त्यांना एकटं टाकून कशी जाणार होते?”

खुर्चीखाली मटाराचं एक वाळलेलं साल राहिलं होतं. प्रिस्का त्याकडे बघत बोलली, आत्याशी नव्हे.

“मला जायचं होतं, पप्पा. पहिल्या दिवसापासून.”