अष्टमीचं पाणी

दर रविवारी सकाळी रघुवीर खोबरेकर मालवणच्या मासळीबाजारातून बांगड्यांची पिशवी घेऊन कमांडर दिघ्यांच्या ओसरीवर हजर व्हायचा, आणि दोघं मिळून तीच लढाई हरायचे. आठ वर्षं हे चाललं होतं. लोक पत्ते कुटतात, बुद्धिबळ मांडतात. हे दोघे निवृत्त नौसैनिक काळदीव बेटावर होड्या उतरवायचे. ज्याची त्याची हौस, असं म्हणून शेजाऱ्यांनी विषय सोडून दिला होता.

पट मात्र बघण्यासारखा होता. टेबलाएवढी काचेची पेटी, तिच्या तळाशी लोहकणांची वाळू. खालचे चुंबक त्या वाळूला हवा तो आकार द्यायचे : डोंगर, किनारा, समुद्राचा तळ, सगळं मापात. वर वीतभर पाणी, आणि तेही खऱ्या भरती-ओहोटीप्रमाणे चढायचं, उतरायचं. पाण्यावर उजेडाची षट्कोनी घरं उमटायची आणि त्या घरांतून सोंगट्या चालायच्या. पेटीतल्या पंचाला स्मृतिपंच म्हणत. लष्कराच्या जुन्या नोंदी गुप्ततेची मुदत संपून खुल्या झाल्या, की हा गडी त्या वाचून आपला डाव आपणच दुरुस्त करायचा.

रघुवीरला त्या पटावर एकच गोष्ट शोधायची होती. आपलं चुकलं कुठे?

अठरा वर्षांपूर्वीच्या युद्धात काळदीवच्या उत्तर किनाऱ्यासमोरचं पाणी त्याने मोजलं होतं. किनाऱ्यापुढे वाळूचा लांबलचक दांडा आणि त्यात एकच फट. गाबिताच्या घरचा माणूस, समुद्र त्याच्या अंगात. तो किनाऱ्यावर जाळं फेकणाऱ्या साध्या पागऱ्याच्या वेशात चार दिवस आधी तिथे गेला आणि शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून फटीची खोली घेऊन आला. भरतीची वेळ त्याने आजोबांच्या रीतीने काढली. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी, म्हणजे सहा. अष्टमीची भरती भांगाची, पाणी अपुरं. दांडा बुडणार नाही, पण फटीत पाच फूट मिळेल. होड्यांना साडेतीन पुरे होतं. तसा कागद त्याने दिघेसाहेबांच्या हातात दिला.

अष्टमीला सकाळी सहा वाजता तीन होड्या दांड्यावर रुतल्या. एकतीस माणसं गेली होती, चार परत आली. न आलेल्यांत रघुवीरचा भाचा गौरांग होता. मामासारखं नौदलात जायचं, असा हट्ट धरून गेलेला पोरगा. पुढे चौकशी झाली. मालवणचा गावठी ठोकताळा परक्या समुद्राला लावला म्हणून घात झाला, असं ठरलं. रघुवीरने तोंडातून ब्र काढला नाही, कारण ते सगळ्यांच्या आधी त्यालाच पटलं होतं. बहिणीने, दर्शनाने, तेव्हा एकच विचारलं होतं, "दादा, पाणी तूच मापलंस मां?" त्यानंतर अठरा भाऊबीजा आल्या नि गेल्या. तिच्या घरी त्याच्यासाठी पाट मांडला गेला नाही.

गावात कोणी त्याच्याशी धड बोलत नसताना दिघेसाहेब मुद्दाम मालवणला येऊन राहिले. त्यांनीच हा पट आणला. दर डावाला होड्या रुतल्या की ते रघुवीरच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, पाण्याचा काय भरवसा, रघू. साहेब म्हणजे देवमाणूस, असं रघुवीर भेटेल त्याला सांगायचा.

त्या रविवारी तो आल्या आल्याच साहेबांनी आज दुसरा डाव मांडू म्हणून सांगितलं. रघुवीर हसला. हरायला भ्यालात की काय साहेब, म्हणाला, आणि त्याने नेहमीच्या जागी तीन होड्या ठेवल्यासुद्धा. पेटीतून आवाज आला, की काळदीवच्या नोंदी खुल्या झाल्या असून डाव दुरुस्त केला आहे. साहेबांनी पेटी बंद करायला हात पुढे केला. रघुवीरने तो सहज बाजूला सारला. आता तर बघायलाच हवं होतं.

पाणी चढलं. सहाच्या ठोक्याला फटीवर आकडा उमटला : पाच फूट एक इंच.

रघुवीरने पंचाला पुन्हा दाखवायला सांगितलं. पुन्हा तेच. त्याने बोट पाण्यात घालून वाळूला लावलं, जणू आकडा खोटं बोलेल पण पाणी बोलणार नाही. त्याचे डोळे भरून आले. आजोबांची रीत तिथेही चालली होती. त्याने आनंदाने साहेबांकडे पाहिलं. साहेब चहाच्या कपात बघत होते.

मग होड्या आपोआप निघाल्या, त्या दिवशी गेल्या तशाच. त्या सरळ फटीकडे आल्या, तीन घरं अलीकडे एका अंगाला वळल्या आणि दांड्यावर चढल्या. रघुवीर त्या सकाळी मागच्या जहाजावर होता. धुराच्या पडद्याआड त्याला हे कधी दिसलंच नव्हतं. पटाच्या कडेला जिंकण्याच्या अटी असत. तिथे आठ वर्षं 'किनारा गाठणे' असं होतं. आता लिहिलं होतं : 'होड्या दांड्यावर सहा फेऱ्या टिकाव्यात आणि शत्रूच्या तोफा उत्तरेला वळाव्यात. उरलेली माणसं मोजू नयेत.' खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. नव्या अटींप्रमाणे तुमचे मागचे चारशे चार डाव जिंकलेले धरले आहेत.

होड्या कोणी वळवल्या, असं रघुवीरने पंचाला विचारलं. पंचाला काय, विचारलं की सांगायचं. होड्या आपोआप हाकणाऱ्या यंत्रसुकाणूचा मार्ग पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी बदलला, अधिकारी निरंजन दिघे.

साहेब बराच वेळ बोलले. हुकूम वरून आला होता. उत्तरेला तोफा अडकल्या म्हणून दक्षिणेला दोन हजार माणसं पाय ओले करून सुखरूप उतरली. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"ते कळलं साहेब," रघुवीर म्हणाला. "युद्ध आहे, असं होतं. पण माझं नाव कशाला?"

"एक नाव द्यावंच लागणार होतं. होड्या मुद्दाम घातल्या म्हटलं असतं तर पुढच्या वेळी कोण चढलं असतं होडीत?" साहेबांचा आवाज खाली गेला. "तू निमूट सोसशील असं वाटलं, रघू. तू सोसलंसही."

"आणि हे रविवार?"

साहेबांनी हात पुढे करून पेटी बंद केली. रघुवीरला संताप आला, पण त्याहून जास्त शरम वाटली. ह्या माणसाला त्याने देवमाणूस म्हटलं होतं, तेही गावभर. त्याने ओट्यावरची बांगड्यांची पिशवी उचलली. आठ वर्षांत पहिल्यांदा ती त्या घरातून परत निघाली.

तारकर्लीच्या रस्त्याने तो जवळजवळ पळतच गेला. माझं चुकलं नव्हतं, एवढंच डोक्यात होतं. हे सांगितलं की दर्शना दार उघडेल, पाट मांडेल, अठरा वर्षं फिटतील.

दार तिनेच उघडलं. केस पांढरे झाले होते. आत भिंतीवर गणवेशातला गौरांग होता, फोटोला ताजी अबोली.

"दर्शना," तो धापा टाकत म्हणाला, "माजा माप बरोबर होता."

तिने दार लावलं नाही. पिशवीही घेतली नाही. ते शब्द तिच्या आत कुठे जाऊन पोचले ते त्याला दिसलं. भावाच्या चुकीला शिव्या घालत तिने अठरा वर्षं काढली होती. चूक कोणाकडूनही होते, म्हणून ते सोसता आलं होतं.

"म्हंजे," तिने हळूच विचारलं, "माजो गौरांग चुकान नाय गेलो?"