सातवी पायरी

दाढी करताना गालावर उमटलेला रक्ताचा थेंब. करडा.

एका मोबाइलची पाठ. तिच्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर शाईने आकडा: ४४१७.

भरल्या बैठकीत म्हटलेलं एक वाक्य: "बघणाऱ्याला फरकसुद्धा कळत नाही." मग टाळ्या.

ढगांना कावीळ होत नाही.

सहा वर्षांच्या मुलीचे ओठ.

ऑफिसात त्याला सगळे शिडीवाला म्हणत, कारण शिडी त्याने बांधली होती. लांबच्या दवाखान्यांतले पेशंट शहरातल्या डॉक्टरांना फोनवर दाखवणारी ती कंपनी. फोन कसा आहे, नेटवर्क किती आहे, माणसाने स्वतः काय पसंत केलंय, हे पाहून एकाच चित्राच्या सात प्रती करायच्या आणि ज्याला जी झेपेल ती द्यायची. पहिल्या पायरीवर चित्र काचेसारखं लख्ख. सहाव्या पायरीवर पुसट. सातवी मात्र त्याची खास करामत. नेटवर्क अगदीच मरतुकडं असलं तर चित्रातला रंगच काढून टाकायचा. करडं चित्र हलकं असतं, कुठे अडकत नाही.

"आजारी माणसावर तपासलंस का?" टाळ्या थांबल्यावर त्या भरल्या बैठकीत घारीने विचारलं होतं. घारी म्हणजे चाचणी विभागातली बाई. तिच्या घाऱ्या डोळ्यांतून काही सुटत नसे.

"हवामानाच्या बातम्यांवर तपासलंय. झकास चालतंय."

"ढगांना कावीळ होत नाही रे बाबा."

सगळे हसले. तोही हसला. सातवी पायरी पास झाली.

तीन महिन्यांनी एका दवाखान्यात एक आई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पोरीला धाप लागली होती. दवाखान्याच्या माणसाने ४४१७ नंबरचा फोन मुलीसमोर धरला आणि शहरातल्या डॉक्टरांना सातवी पायरी मिळाली. दिवसभर करडी चित्रं बघून सरावलेल्या डॉक्टरांनी नीट निरखून पाहिलं. म्हणाले, "रंग चांगला आहे. घाबरायचं कारण नाही. उद्या घेऊन या."

मुलीचे ओठ निळे पडले होते. करड्यात निळा आणि गुलाबी सारखेच दिसतात.

उद्या आलाच नाही.

चौकशी लागली. चौकशीच्या आदल्या दुपारी शिडीवाल्याने त्या मुलीची नोंद उघडली. 'पसंती' हा रकाना रिकामा होता, म्हणजे पायरी यंत्रणेने आपणहून उतरवली होती, म्हणजे त्याने. त्याने रकाना भरला. सातवी पायरी. निवडणारी: पेशंटची आई. फोन: ४४१७. एका ओळीत हात झटकून झाले. पलीकडच्या टेबलावरून घारीने ते पाहिलं आणि मूग गिळले.

चौकशीत ती ओळ मोठ्याने वाचली गेली. मुलीची आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"ओठ निळे दिसत होते, तर बोलला का नाहीत?" कुणीतरी विचारलं.

"वाटलं, डॉक्टर बघतायत ना."

मग तिने विचारणाऱ्याकडे पाहिलंच नाही. तिने शिडीवाल्याकडे पाहिलं. ओळ कुणी लिहिली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मी काही निवडलं नव्हतं," ती म्हणाली. "आता निवडीन."

हे कुणी लिहून घेतलं नाही.

वर्ष बरं गेलं. मग एके दिवशी घरचा टीव्ही करडा झाला. बायको शेजारी येऊन बसली की रंग परतायचा, ती उठली की जायचा. मेकॅनिक म्हणाला, टीव्हीला धाड भरलेली नाही. मग बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, राखेत लोळून आलास का रे?" ती खिदळली. मग एकदम थांबली. "खरंच, बरा आहेस ना?"

ऑफिसात त्याने स्वतःची नोंद उघडली. फोन उत्तम. नेटवर्क भरपूर. पसंती: सातवी पायरी. निवडणारी: पेशंटची आई. फोन: ४४१७.

त्याने ओळ पुसली. चहा पिऊन आला तर ओळ जागेवर. पुन्हा पुसली. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा.

"कोण चेष्टा करतंय?" तो घारीवर खेकसला.

घारीने ओळ वाचली. "चेष्टा कसली? तुझीच तर ओळ आहे. अक्षर न् अक्षर."

"मी ही लिहिलेली नाही!"

"तीही हेच म्हणाली होती," घारी म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना पातं लागलं. आरशात टॉवेल पिवळा होता, फरशा हिरव्या होत्या, दारात उभ्या बायकोचा गाउन लालभडक होता. फक्त त्याचा चेहरा करडा, आणि त्याच्यावरून ओघळणारा थेंबही.

"तुझा रंग..." बायको म्हणाली. डोळे चोळले. "उजेड कमी असेल."

उजेड भरपूर होता.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास त्याला धाप लागली. खिडकीतून ऊन थेट पलंगावर पडलं होतं. बायकोने घाईघाईने त्याच्याच कंपनीच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. तेच डॉक्टर लागले.

तिने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. डॉक्टर नीट निरखून पाहू लागले.

ओठ बघा, असं त्याला म्हणायचं होतं. श्वास पुरला नाही.

त्याने बोट ओठांवर नेलं.

"पाणी हवंय का?" बायको म्हणाली.

पडद्याच्या कोपऱ्यात सात रेघांची छोटी शिडी होती. त्यानेच काढलेली. त्याने पहिली रेघ दाबली. ती उजळली. लगेच विझली. सातवी उजळली.

पुन्हा पहिली.

पुन्हा सातवी. या वेळी ती उजळलेलीच राहिली, कुणी बोट ठेवून बसल्यासारखी.

"रंग चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "घाबरायचं कारण नाही. उद्या या."

बायकोने सुटकेचा श्वास सोडला. त्याच्या कपाळावरून हात फिरवला. "उगाच घाबरवलंस. डॉक्टर बघतायत ना."

ती पाणी आणायला गेली.

चौकशी संपली त्या दिवशी ४४१७ नंबरचा फोन बॅटरी काढून पाकिटात घातला गेला आणि शिक्का मारून घारीच्या कपाटात ठेवला गेला. तो शिक्का कुणी फोडलेला नाही.