मोराच्या ट्रेमधलं लुगडं

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी माझ्या नातीनं मला जुनी सुती कापडं गोळा करायला सांगितली. काम एवढंच होतं. बसा अंमळ, सांगतो.

नात म्हणजे राजनंदिनी, माझ्या थोरल्याची लेक. पुण्याला कपड्यांच्या डिझाइनचं शिकली आणि परत येऊन बारामती एमआयडीसीत एक गाळा भाड्यानं घेतला. पूर्वी तिथं कुणाची तरी दूध ठेवायची थंड खोली होती. जाड दार, दाराला रबराची कड, खिडकी नाही. दार ओढलं की भर दुपारी स्वतःचा हात दिसायचा नाही. नंदिनीला अंधारच पाहिजे होता. त्या अंधारात ती अळंबीची बुरशी वाढवायची आणि तिचं चामडं करायची. जनावर न मारता केलेलं चामडं. त्याच्या पिशव्या, जाकिटं.

मी शाळा पाहिली नाही, पण पेरायचं कळतं, आणि हेही पेरणंच होतं. उसाचा भुसा उकडायचा, निववायचा, त्यात अळंबीचं बी मिसळून ट्रेमध्ये पसरायचा. वर सुती कापड अंथरायचं आणि प्लास्टिकनं झाकायचं. बुरशीचे पांढरे दोरे भुशातून वर येतात, कापड खात खात त्यालाच धरून दाट होतात. महिन्याभरात जाड सायीसारखा थर धरतो. तो सोलून भट्टीत ठेवायचा.

"भट्टीत जाईपर्यंत ती जिवंत असते, आबा," नंदिनी म्हणायची. "भट्टीत मेली की मग ते चामडं."

मला वाचता येत नाही म्हणून तिनं प्रत्येक ट्रेवर एकेक चित्र काढलं होतं. बैल, कणीस, मोर, असं.

कापडं मागत मी आमच्या लासुर्ण्यात दारोदार फिरलो. हल्ली सगळ्यांच्या अंगावर टेरिकॉट. निव्वळ सुती नेसायची ती म्हातारी माणसं, आणि त्यांचं कापड घराबाहेर पडतं ते ती माणसं गेल्यावरच. कुणाच्या वडलांचं धोतर, कुणाच्या सासूचं लुगडं. ठेवून घ्यायला नको वाटतं आणि टाकवतही नाही. मी मागितलं की लोकांना सुटल्यासारखं व्हायचं. अशी सात कापडं जमली. पाहिजे होती आठ.

माझी थोरली बहीण कुशाबाई, तिला मी आक्का म्हणायचो. तरुणपणी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून माझ्याच घरी. ऐंशीची, पण जीभ पंचविशीतली. मी गाठोडं बांधतोय हे तिनं ओट्यावरून पाहिलं.

"बोहारीण झालास व्हय रं, जोती? मग एखादी परात तरी आणायची बदल्यात."

"परात न्हाय मिळत, आक्का. चामडं मिळतंय."

"धोतराचं चामडं! आता पायताणाचं उपरणं करा म्हंजे झालं."

मग आत गेली, दुसरं नेसली आणि अंगावरचं इरकली लुगडं माझ्यापुढं टाकलं. अजून ऊन होतं ते तिच्या अंगानं.

"घे. पोरीचा खोळंबा नगं."

"आक्का, बाकीची सारी गेलेल्यांची हायत..."

"मग मी काय लई लांब हाय? घे म्हंते न्हवं."

आमची आई जित्या माणसाचं कापड गेलेल्याच्या कापडासोबत एका घडीत ठेवू द्यायची नाही. हे मला ठाऊक होतं. आक्कालाही ठाऊक होतं. तरी मी ते आठवं म्हणून त्याच गाठोड्यात बांधलं. माझी चूक ती एवढी.

आक्काचं लुगडं मोराच्या ट्रेला गेलं.

सात ट्रे सात ट्रेसारखे वाढले. मोराचा ट्रे पाचव्या दिवशीच पांढरा झाला. नंदिनी हरखली. मी रोज दुपारी बॅटरी घेऊन आत जायचो, पाणी फवारायचो. आत ओल्या भुशाचा वास असायचा, पावसात भिजलेल्या कडब्याच्या गंजीसारखा. बाराव्या दिवशी दार ओढून घेतलं आणि मला मिश्रीचा वास आला. ताजी भाजलेली मिश्री. गाळ्यात कुणी मिश्री लावत नाही. लावायची ती आक्का, घरी.

मी हात लावून बघत गेलो. सात ट्रे गार. मोराचा कोमट. त्याच्यावरचं प्लास्टिक जरासं वर यायचं... खाली बसायचं... परत वर.

इकडं घरी आक्कानं भाकरी सोडली. उन्हात बसवली तरी कुडकुडायची.

"अंगावर ओलं कायतरी टाकलंय रं कुणी," म्हणायची. "काढ की."

अंगावर कोरडी वाकळ असायची. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, वय झालं, बाकी काही नाही. रोज तिचं अंग उतरत होतं आणि रोज ट्रेमधला थर जाड होत होता. मी कुणाला सांगणार, आणि काय सांगणार?

विसाव्या दिवशी थरावर हिरवे ठिपके दिसले. बॅटरी जवळ नेली. आक्काच्या डाव्या हातावर तुळस गोंदलेली होती. लहानपणी ती इतकी रडली की गोंदणारीण अर्धवट सोडून गेली. एका बाजूला पाच पानं, दुसऱ्या बाजूला तीन. थरावर तीच तुळस होती. पाच आणि तीन.

नंदिनीनं पाहिलं आणि तोंड बारीक केलं. "हिरवी बुरशी लागली, आबा. सगळ्या खोलीत पसरेल. उद्याच भट्टीत घालायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, एमआयडीसीला सुट्टी. ती पहाटेच गिऱ्हाइकाला नमुने दाखवायला पुण्याला गेली. जाताना बजावलं, "दुपारी मोराचा ट्रे घाला. हिरवं बटण दाबायचं, बस्स."

एरवी रस्त्यावर मोटारसायकलींची रीघ. त्या दिवशी कुत्रंसुद्धा नव्हतं. मी ट्रेपाशी बराच वेळ उभा राहिलो. मनात आलं, आक्काला जे खातंय ते हेच. हे जळालं तर ती सुटेल. तिच्यासाठीच मी तो थर सोलला, खरं सांगतो. सोलताना तो हाताला धरून आला, झोपलेलं माणूस उचलताना अंग टाकतं तसा. जाळीवर ठेवला. भट्टीचं दार लावलं. बटण दाबलं.

पाच मिनिटं झाली नसतील, फोन वाजला. शेजारची सून राजलक्ष्मी, आक्काजवळ बसलेली.

"आबा, आज्जी कसंतरीच करत्यात. खाटंवर हायत, चूल कवाच इझलीया. पर म्हंत्यात, मला चुलीपासनं उठवा."

"तिला दे फोन."

मग आक्काचा आवाज, अगदी बारीक.

"जोती... कुठं बसवलंस रं मला... लई आच लागतीया..."

भट्टीचं दार मी उघड्या हातांनी उघडलं. आतलं ते बाहेर ओढलं. हे बघा, दोन्ही तळव्यांवर वण आहेत. उराशी धरून थंड खोलीत पळालो, भुशावर निजवलं, त्याच्यावर पाणी घातलं. फोन खिशात चालूच होता, तो कानाला लावला.

"आता बरं हाय," आक्का म्हणाली. आणि मग हळू, "दार लावून घे, जोती. उजेड येतोय."

माझ्यामागं खोलीचं दार उघडं राहिलं होतं. आक्का लासुर्ण्यात, पाच कोसांच्या वर.

संध्याकाळी नंदिनी आली. माझे हात पाहिले, ट्रे पाहिला. मी म्हणालो, "एवढा एक मला दे. कशाला ते इचारू नगंस." ती शिकलेली पोर, पण तिनं विचारलं नाही. तिनंच टेम्पो बोलावला.

ट्रे घरी आणून मी कडब्याच्या खोलीत ठेवला. फटी चिखलानं लिंपल्या. दिवसातून तीन वेळा पाणी, पंधरा दिवसांनी कडेनं नवा भुसा. चौथ्या दिवशी आक्का उठून बसली, भाकरी मागितली, आणि भाजी आळणी म्हणून माझा उद्धार केला. मी ओट्यावर बसून रडलो. त्यानंतर वर्षाच्या वर ती चांगली हिंडली-फिरली. कडब्याच्या खोलीकडं मात्र कधी गेली नाही. कधी विचारलंही नाही. फक्त माझ्या हातून पाण्याची एखादी वेळ चुकली की तांब्या घेऊन माझ्यासमोर येऊन बसायची. "घसा वाळलाय," म्हणायची.

यंदा दसऱ्यानंतर आक्का गेली. झोपेतच, सकाळच्या वेळी. काही त्रास नाही. सगळं रीतीनं केलं. अग्नी मी दिला, अस्थी मी गोळा केल्या. वाटलं, संपलं. आता ट्रे उसाच्या सरीत उपडा करावा.

तिसऱ्या दिवशी दुपारी कडब्याच्या खोलीत गेलो. थरावर तळवा ठेवला.

कोमट होता.

आता ते काय आहे, मला सांगता येत नाही. आक्काला मी माझ्या हातानं जाळली. परत एकदा जाळायची माझी छाती नाही. फेकवत नाही. नंदिनी म्हणते, "आबा, मला बघू तरी द्या." मी किल्ली कनवटीला लावून फिरतो. पाणी घालतो, तीन वेळा.

काल दुपारी दार उघडलं. रोज ट्रेभर पसरलेलं असतं. काल ते एका कडेला सरकलं होतं, माणूस कुशीवर वळून पाय पोटाशी घेतं तसं. उरलेल्या अर्ध्या ट्रेमध्ये भुसा हातानं सारखा केल्यासारखा, सपाट होता. शेजारी कुणासाठी तरी जागा करावी, तसा.