अहो बाई, मी बोलतोय

"मेलेल्या नवऱ्याचा फोन येतो," बाई म्हणाल्या, "आणि मी तो उचलते."

ताईनं त्यांच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. बाईंनी त्याला हातही लावला नाही.

खाजगी तपासाचं काम करणाऱ्या ताईला सगळेच ताई म्हणत. गिऱ्हाईकं, पोलीस आणि तिचा सख्खा धाकटा भाऊसुद्धा. भाऊ तिची गाडी चालवी, सोबत हिंडे आणि बहुधा भलत्याच माणसावर संशय घेई.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचे यजमान त्यांच्याच शाळेत चित्रकला शिकवत. घशाच्या ऑपरेशननंतर सरांचा आवाज गेला, उरली नुसती कुजबूज. गेल्या महिन्यात सरांनी चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार ओढलं आणि पाऊल आत टाकलं. आत लिफ्ट नव्हतीच.

बाईंनी इमारतीच्या सेक्रेटरीविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. तेव्हापासून दुपारी, त्या घरात एकट्या असल्या, की इंटरकॉम वाजू लागला.

"आवाज त्यांचाच?" ताईनं विचारलं.

"त्यांचाच. तसाच कुजबुजता."

"कुजबूज काय, कुणाचीही सारखीच," भाऊ म्हणाला.

ताईनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. "आज बरं सुचलं तुला!"

त्याच दुपारी दोघं मागच्या जिन्यानं बाईंच्या घरी पोचली. बाईंचा दीर त्यांच्याकडंच राहायचा, तो कामावर गेला होता. पडदे ओढलेले. लिफ्टच्या बाजूच्या भिंतीला बाईंनी कपाट सरकवून ठेवलं होतं. तिकडून साखळीचा आवाज येतो म्हणून.

इंटरकॉम वाजला. बाई जागच्या जागी थिजल्या. ताईनं त्यांना खुणावलं आणि रिसीव्हरला स्वतःचाही कान लावला.

"अहो बाई, मी बोलतोय... तक्रार मागं घ्या. दार मीच घाईनं ओढलं. सेक्रेटरीसाहेबांना कशाला गोवता? ऐकणार नसाल, तर तुम्हीच या खाली. इथं फार अंधार आहे..."

खट्कन फोन बंद झाला. बाई भिंतीला टेकत खाली बसल्या.

"बघा," त्या पुटपुटल्या. "अजून रागावलेत माझ्यावर."

"रागावलेत? कशावरून म्हणता?"

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"दीरच असणार," जिना उतरताना भाऊ म्हणाला. "वहिनीला वेड लागलं की घर त्याचं."

दीर छापखान्यात भेटला. शाईचे हात पुसत तो म्हणाला, "वहिनी झोपत नाही, जेवत नाही. मी काही विचारलं तर नुसती बघत बसते. दादा असता तर म्हणाला असता, चिमणे, दोन घास खा."

"चिमणे?"

"घरात तेच म्हणायचा. माझ्यासमोरही, पाहुण्यांसमोर मात्र नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की 'अहो बाई'. शाळेची सवय, दुसरं काय!"

"आणि तुमचा सेक्रेटरी?"

दीर हसला. "दादाचा विद्यार्थी. शाळेतलं नाव गुंड्या. भर मीटिंगमध्ये दादा कुजबुजायचा, 'गुंड्या, खाली बस!' अख्खी इमारत हसायची. तो मात्र लालबुंद."

लिफ्टचा मिस्त्री पलीकडच्या गल्लीत राहायचा. सरांचं नाव निघताच त्याचे डोळे भरून आले.

"त्या सेक्रेटरीला मी बजावलं होतं, चौथ्या मजल्यावरचं कुलूप धरत नाही, लिफ्ट नसली तरी दार उघडतं, लिफ्ट बंद ठेवा. तो म्हणाला, बघू. सर गेले आणि त्यानं मलाच फाटकातून आत यायला बंदी केली."

"इंटरकॉम बाहेरून लावता येतो का हो?"

"छे! आतल्या आतच चालतो तो."

फाटकावर नवा वॉचमन होता. सर गेल्यावर कामाला लागलेला. सरांना त्यानं पाहिलंही नव्हतं. "जुने लोक नुसतं 'सेक्रेटरी' म्हणतात," तो हळूच म्हणाला. "साहेबांना नाही आवडत ते."

सेक्रेटरी ऑफिसात होता. दोघांना बघताच त्यानं इंटरकॉम उचलला. "सेक्रेटरीसाहेब बोलतायत. पाहुण्यांची गाडी सावलीत लावून घे." मग ताईकडं वळून म्हणाला, "सर आम्हाला वडिलांच्या ठिकाणी होते."

"बाईंना कुणीतरी फोनवर घाबरवतंय."

"अरेरे! कोण?"

"तेच शोधतेय," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या दिवाणखान्यात दीर, सेक्रेटरी आणि इन्स्पेक्टर जमले. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. बाहेर कुणीतरी दार आपटलं तरी त्या दचकत होत्या.

"बाई, तो आवाज सरांचा नव्हता," ताई म्हणाली. "फोन करणाऱ्यानं तुम्हाला हाकच चुकीची मारली."

"चुकीची कशी?" सेक्रेटरी उसळून म्हणाला. "सर 'अहो बाई'च म्हणायचे! सगळ्यांना माहीत आहे!"

ताईनं इन्स्पेक्टरकडं पाहिलं.

"आवाजानं काय हाक मारली, ते मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं," ताई म्हणाली.

सेक्रेटरी दाराकडं सरकला. इन्स्पेक्टर दारात जाऊन उभा राहिला.

"सर बाहेर 'अहो बाई' म्हणत. घरी नाही. दिरानं फोन केला असता, तर घरातली हाक मारली असती. ती त्याला ठाऊक होती. मिस्त्रीला इमारतीत येता येत नाही आणि फोन तर आतूनच येतोय. वॉचमननं सरांना कधी बघितलंही नाही, तो त्यांची हाक कुठून उचलणार? जुने शेजारी उरले. पण आवाज म्हणाला 'सेक्रेटरीसाहेब'. शेजारी तुम्हाला साहेब म्हणत नाहीत. सर तर गुंड्या म्हणत. या इमारतीत तुम्हाला साहेब म्हणणारे दोघंच. एक वॉचमन आणि दुसरे तुम्ही स्वतः."

"मी कशाला..."

"कुलूप धरत नाही हे मिस्त्रीनं सांगूनही तुम्ही लिफ्ट चालू ठेवलीत. त्यानं तसा जबाब दिलाय. तक्रार उभी राहिली तर तुम्ही तुरुंगात. म्हणून सरांचा आवाज काढलात. नुसता 'सेक्रेटरी' म्हटला असतात, तर मी अजून चाचपडत असते. पण मेलेल्या माणसाच्या तोंडूनही तुम्हाला साहेब म्हणवून घ्यायचं होतं."

सेक्रेटरी मटकन खाली बसला. "सगळ्यांसमोर हसायचे हो मला," तो रडवेला होऊन म्हणाला. "आयुष्यभर गुंड्या, गुंड्या..."

"चल," इन्स्पेक्टर म्हणाला.

ते गेल्यावर भाऊनं विचारलं, "पण बाई, हाक वेगळी आहे हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"आलं होतं ना," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "पहिल्याच दिवशी. ते गेले त्या सकाळी मीच त्यांना घाई केली होती. उशीर होतोय, चला म्हणून. मला वाटलं, त्यामुळंच रागावलेत. आता घरातही परक्यासारखं 'अहो बाई' म्हणतायत."

ताई त्यांच्या खुर्चीशी खाली बसली. "ते रागावले नव्हते, बाई. ते फोनवर नव्हतेच."

बाईंचा चेहरा हळूहळू सुटत गेला. भीतीपायी इतके दिवस त्यांना रडताही आलं नव्हतं. आता दिरानं खांद्यावर हात ठेवताच त्या मोठ्यानं रडू लागल्या. दीरही त्यांच्याजवळ बसून रडू लागला.

ताईनं भाऊला डोळ्यांनी खुणावलं. दोघं दार ओढून घेऊन हळूच जिन्याकडं वळली.